न गायलेलं गाणं

आष्ट्याच्या प्रियंकाचं गाणं ॲपच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा तिनं ते अजून गायलंच नव्हतं. लोक जे जास्त ऐकतात ते वर चढतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण लोकांनी ऐकलं तरी काय? तिनं लावून पाहिलं. आवाज तिचाच होता. शेवटच्या कडव्यात तो रडत होता.

"ताई, लय चाललंय. तसंच गा," सांगलीच्या स्टुडिओत भाऊ प्रबुद्ध म्हणाला.

"मी रडणार न्हाई. माझं गाणं मी ठरवणार."

ती ताठ उभी राहून गायली. शेवटचं कडवं आलं, तसं तिनं तोंड गच्च मिटलं.

हेडफोनमधला तिचा आवाज हुंदका देऊन पुढं गाऊ लागला.

तिनं हेडफोन काढून आपटला. काचेपलीकडे प्रबुद्ध डोळे पुसत, तिच्याकडं बघत मान डोलावत होता.