गंगेचा नमुना

मैलापाणी शुद्ध करून गोदावरीत सोडणाऱ्या केंद्रावर मी नदीच्या पाण्याचे नमुने भरतो. खरा नमुना दिला की साहेब बाटली माघारी पाठवायचे. म्हणून एक्क्याण्णवच्या सिंहस्थापासून दहा वर्षं मी बाटली ऑफिसच्या नळाखालीच भरली. काल अंथरुणाला खिळलेली आई म्हणाली, “भास्करा, तोंडात गंगा घाल रे.” आमच्याकडे गोदावरी म्हणजेच गंगा. माझा हात सवयीनं नळाकडेच गेला. तुळशीचं पान टाकून चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड फिरवलं. “हे नळाचं हाय. औषधाचा वास येतो. गंगेवर कामाला असून तुला एवढं जमत नाय?” तांब्या घेऊन मी घाटावर धावलो. तिथे आमच्याच केंद्रातून आलेल्या काळ्या पाण्यावर फेस तरंगत होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच मी खरा नमुना भरला. परतलो तेव्हा आई तोंड उघडून वाट बघत होती.