घाटात उचललेला फोन

आंबा घाट उतरून साखरप्याजवळ येताच निलांबरीला करकचून ब्रेक दाबावा लागला. रस्त्यावर हात हलवत तिचा थोरला भाऊ दत्ताराम उभा होता. आई गेली तेव्हा त्याने हिची वाट न पाहता अग्नी दिला होता. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

"ये गो बाय," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "मघाशी घाटात गाडी बाजूला घेऊन फोनवर माझ्याशी बोललीस, छातीवरचा धोंडा उतरला बघ."

निलांबरी गोंधळली. ती कुठे बोलली होती? कायद्याने गाडी चालू असताना फोनला हात लावता येत नसे. अशा वेळी कुणाचा कॉल आला, तर तिच्याच आवाजात, तिच्याच ढंगात फोनच आपणहून उत्तर देई. 'पोचल्यावर बोलते' एवढंच तो म्हणत असेल, असं ती धरून चालली होती.

"दादा, मी काय म्हणाले?" तिने चाचरत विचारलं.

"आता लाजतेस कशाला? 'आई गेली तेव्हा दरड कोसळून माझी वाट अडली होती, तुझा नाइलाज होता, हे मला तेव्हाच कळलं होतं,' म्हणालीस. मग रडलीस."

तिला ते खरंच तेव्हाच कळलं होतं. पण तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग फोनला कुठून कळलं? की त्याने नुसतीच भावाची समजूत काढली आणि ती नेमकी खरी निघाली? तिला काही उमगेना.

दत्ताराम तिची बॅग घेऊन घराकडे निघालाही होता.

"दादा, थांब," ती मागून धावली. "मला ते स्वतः तुझ्यासमोर बोलू दे."