उशीर कुठे होतो

"बघ, बघ! आधी गोळी मी झाडली, आणि मेलो मीच. ही काय लाइन आहे की गोगलगाय?" भाऊजींनी माउस आपटला.

मेहुणी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. एका मोठ्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळणं हे तिचं रोजचं काम. त्यामुळे नात्यात कुणाचंही नेट रुसलं की बोलावणं तिलाच यायचं. पण भाऊजींचं दुखणं जरा मोठं होतं. आठवडाभर दवाखान्यात लोकांचे दात कोरायचे आणि रविवारी दुपारी कॉलेजच्या जुन्या दोस्तांबरोबर ऑनलाइन लढाई खेळायची, एवढं एकच व्यसन त्यांना होतं. त्या टोळीचे ते कॅप्टन. अलीकडे मात्र त्यांच्यामुळेच टोळी हरत होती. "कॅप्टन, तू थोडे दिवस राखीव बस," असं दोस्त उघडउघड म्हणू लागले होते. भाऊजी सगळं खापर नेटवर फोडत होते. कंपनी बदलून झाली, महागडा राउटर आणून झाला. फरक शून्य.

मेहुणीची पद्धत सरळ होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. तिने वायफाय बंद करून राउटरपासून थेट केबल ओढली. तेच. केबल बदलली. तेच. मग घरातल्या बाकी सगळ्यांचं नेट तोडलं.

"अगं, माझी मालिका!" स्वयंपाकघरातून ताई ओरडली.

"दहा मिनिटं कळ काढ, ताई. मालिकेतली सून घर सोडून कुठे जात नाही."

तिने संगणकात गुपचूप चालणारी अपडेट थांबवली. गेमच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. आकडा इतका छान आला की तिला भाऊजींच्या लाइनचा हेवा वाटला. शेवटी तिने बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला, स्वतःचा माउस जोडला आणि भाऊजींना खेळायला दिलं.

"अजून अडकतंय," भाऊजी म्हणाले.

"उठा जरा."

ती स्वतः बसली. खेळात ती अगदीच कच्ची होती. पण बटण दाबलं की गोळी त्याच क्षणी सुटत होती.

"म्हणजे मी बसलो की नेटला सर्दी होते," भाऊजी हसले.

मेहुणी हसली नाही. सगळं बदलून झालं होतं, एक गोष्ट सोडून. तिने पडद्यावर एक साधी चाचणी उघडली. लाल चौकोन हिरवा झाला की क्लिक करायचं, आणि त्याला किती वेळ लागला ते खाली दिसायचं. नेटचा यात काही संबंध नव्हता. भाऊजींनी पाच-सहा वेळा केलं.

"आता माउस डाव्या हातात घ्या."

"मी डावखुरा नाही, मेहुणीबाई."

"माहितीये. घ्या तरी."

त्यांनी डाव्या हाताने क्लिक केलं. पुन्हा केलं. पुन्हा. ज्या हाताला माउसची सवयच नव्हती, तो दर वेळी उजव्याच्या आधी पोचत होता, आणि तेही चांगल्याच फरकाने.

ताई हात पुसत दारात आली. "सापडला का बिघाड?"

काहीतरी थातूरमातूर सांगावं, माउसवर ढकलून द्यावं, असं मेहुणीच्या मनात आलं. शब्द ओठांवर आलेही. पण भाऊजी आता पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि मेंदूचे डॉक्टर तपासताना करायला लावतात तशी अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवून पाहिली. सुरुवातीला जमलं. मग बोट जडावलं, अंगठ्यापासून कमी कमी उघडू लागलं आणि मध्येच थबकलं. त्यांनी तेच डाव्या हाताने केलं. डावं बोट भराभर चालत राहिलं.

त्यांनी माउस बाजूला सरकवला.

"नेट ठणठणीत आहे," ते ताईला म्हणाले. आवाज पेशंटशी बोलताना असायचा तसाच होता. "उद्या सकाळी एकाची अक्कलदाढ काढायची आहे. त्याला आत्ताच फोन कर. म्हणावं, डॉक्टरांचा हात आजारी आहे."