पेपर नॅपकिन

कित्येक बायकांच्या पोटावर तिनं सोनोग्राफीआधी थंडगार जेली लावली होती. आज त्याच पलंगावर ती स्वतः आडवी होती. “आईवरच गेलंय लेकरू, एका जागी ठरत नाही,” डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. मग बाळाच्या मेंदूतली पाण्याची पोकळी मोजली. त्यांनी पुन्हा मोजलं, आणखी एकदा मोजलं, आणि पडदा हळूच स्वतःकडे वळवला. तिला काहीच वाटलं नाही. वरचा पंखा पुसायला झालाय, एवढंच मनात आलं. सगळं ठीक असलं की डॉक्टरीणबाई बाईच्या हाती नॅपकिन देऊन रिपोर्ट लिहायला वळायच्या. वाईट सांगायचं असलं, तर आधी स्वतः पोट पुसायच्या. ही सवय तिलाच ठाऊक होती. “द्या, मी पुसते,” म्हणत तिनं हात पुढे केला. “राहू दे गं.” जेली केव्हाच निघाली होती, डॉक्टरीणबाई पुसतच राहिल्या.