तिसरा स्पीकर

"पहले ये सुनिए," दुकानदार म्हणाला आणि त्यानं रेडिओच्या मागची तार स्पीकरच्या मोठ्या लाकडी पेटीला जोडली.

मानसिंगराव आणि अनसूया स्टुलांवर बसून ऐकत होती. नया बाजारातलं ते दुकान जुन्या सामानानं भरून गेलं होतं. नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, म्हणून दफ्तरं हलत होती आणि बदली झालेले लोक जड सामान विकून निघत होते. यांच्या घरच्या रेडिओच्या स्पीकरचा कागद फाटला होता. मानसिंगरावांच्या पेन्शनीत नवा रेडिओ बसणार नव्हता. स्पीकर तेवढा बदलावा म्हणून दोघं आली होती.

दिल्ली केंद्रावर एक बाई गात होत्या. मोठ्या पेटीतून त्या समोर बसल्यासारख्या ऐकू आल्या. किंमत ऐकून अनसूयेनं मान हलवली. दुसरी पेटी स्वस्त होती, पण तिच्यात त्याच बाई घागरीत तोंड घालून गात होत्या.

"तो फिर ये देखिए, बाईसाहब. थाटीपुर के एक साहब बेच गए. दाम भी कम है."

तिसरी पेटी लहान होती. तोंडावर मळकट कापड ताणलेलं. तार जोडली आणि बाईंचा आवाज स्वच्छ, गोड आला. मानसिंगरावांचा चेहरा खुलला. "ही चांगली आहे," ते म्हणणार तोच त्यांना ते ऐकू आलं.

बाई प्रत्येक ओळ उचलण्याआधी कुणीतरी श्वास घेत होतं. खोल श्वास, आणि त्याच्या शेवटी नाकातून बारीक शीळ. श्वास पुरुषाचा होता.

मानसिंगरावांनी बायकोकडे पाहिलं नाही. अनसूयेनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

संस्थानच्या बँडमध्ये मानसिंगरावांच्या शेजारी अनसूयेचा भाऊ कान्होजी क्लॅरिनेट वाजवायचा. लहानपणी घोड्यावरून पडून त्याचं नाक मोडलं होतं, तेव्हापासून श्वास घेताना शीळ वाजे. संस्थान विलीन झालं, बँड मोडला. दफ्तरात चपराशाची नोकरी देऊ केली तेव्हा कान्होजी हसला आणि क्लॅरिनेट घेऊन गाडीत बसला. "काम मिळालं की कळवतो, अक्का," एवढंच म्हणाला. पुढे काहीच कळलं नाही. कुणी विचारलं तर अनसूया म्हणायची, "कळवेल. त्याला लिहायचा कंटाळा आहे."

"आवाज कैसी लगी?" दुकानदारानं विचारलं.

"बंद करा," अनसूया म्हणाली.

त्यानं तार काढली. गाणं तुटलं. आणि तार सुटलेल्या त्या पेटीतून आणखी एक श्वास आला. खोल, सावकाश, वाजवायच्या आधी घेतात तसा. शीळ वाजली. त्यापुढे सूर आला नाही.

दुकानदार तार गुंडाळत होता. त्याला काही ऐकू आल्याचं दिसलं नाही.

"आपल्याला परवडणारी हीच आहे," मानसिंगराव हळूच म्हणाले.

"मग राहू दे. मला नको रेडिओ." ती उठून रस्त्यावर आलीसुद्धा.

मानसिंगराव मागोमाग आले. कोपऱ्यावर मिठाईच्या दुकानापाशी ती थांबली.

"तुम्हाला ऐकू आलं ना?"

"काय?"

"खोटं बोलू नका. तुमची बोटं गुडघ्यावर हलत होती. त्याच्याबरोबर सुरुवात करायची असल्यासारखी."

मानसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. अनसूयेनं ते पाहिलं. इतक्या वर्षांत ते तिच्यासमोर एकदाही म्हणाले नव्हते की कान्होजी आता येणार नाही.

"चला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी न्यायला नको."

घरी पेटी फळीवर ठेवली, तार जोडली. बातम्या आल्या, भजन आलं, शेतीविषयी कुणीतरी खूप वेळ बोललं. आवाज सुरेख होता. श्वास नव्हता. अनसूया कापडाला कान लावून बसली. रेडिओ बंद करून बसली. मानसिंगरावांनी "कान्हू" अशी हाक मारून पाहिली आणि स्वतःच ओशाळले. दिवाळीचे दिवस तसेच गेले. पेटी साधी पेटीच राहिली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मानसिंगरावांनी नेहमीप्रमाणे चौकात पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. दर वर्षी अनसूया त्या रिकाम्या पाटासमोर ताम्हण घेऊन उभी राही, निरांजन विझेपर्यंत दाराकडे बघत. शेजारच्या लीलाताईंनी एकदा सुचवलं होतं, "चंद्राला ओवाळा हो. भाऊ नसला की ओवाळतात." त्यानंतर अनसूया त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती.

ती नवं लुगडं नेसून बाहेर आली. ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता. पाटाजवळ ती क्षणभर थांबली.

"उचला तो," ती म्हणाली आणि गच्चीचा जिना चढू लागली.

मानसिंगराव खालूनच बघत राहिले. पश्चिमेला बिजेची बारीक कोर होती. अनसूयेनं पदर डोक्यावर घेतला, ताम्हण उंच केलं आणि चंद्राला ओवाळलं.

मग ते वाकले आणि त्यांनी पाट उचलला.

पाट कोमट होता. नुकतंच कुणी बसून उठावं तसा.