गेटवर अडलेली सवत

माझी सवत म्हणजे ह्यांचं पिस्तूल. जेवताना मांडीशी, झोपताना उशाशी. मेलं माझ्या वाट्याला माणूस येऊच देत नाही.

ऑपरेशनसाठी मला दवाखान्यात आणलं, तर वॉचमननं ह्यांना गेटवरच अडवलं. “हत्यार आत न्यायला कायद्यानं बंदी आहे, साहेब. इथं कपाटात ठेवा.” ह्यांनी लायसन्स दाखवलं, आवाज चढवला, शेवटी ठेवलं एकदाचं.

मग मात्र टाके निघेपर्यंत हे माझ्या कॉटशेजारी बसून होते, माझा हात दोन्ही हातांत धरून.

आज डॉक्टर म्हणाले, “सगळं छान आहे. घरी जा.”

ह्यांचा चेहरा काय फुलला! “तू आवर, मी गेटवरून पिस्तूल घेतो,” म्हणत माझा हात सोडून निघालेसुद्धा.

मी पोट धरून कळवळले, “डॉक्टर, अजून दुखतंय हो!”