कोरडी जाळी

"मशीन मिळेल का, ताई?" कारखान्याच्या मॅनेजरने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. गाडी दारात सुरूच होती. मागच्या सीटवर त्याची आई काचेला डोकं टेकून तोंडाने श्वास घेत होती.

मुलगी पलंगाची चादर काढत होती. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन अजून तसंच उभं होतं. वस्तीत अशी मोजकीच मशीनं होती. एका घरातलं माणूस गेलं की मशीन पुढच्या घरी जायचं. मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही, आणि नेणाऱ्याने मशीनमागची हवा गाळायची जाळी देणाऱ्याच्या दारात धुऊन घ्यायची, एवढीच रीत.

"दुकानात नाही मिळालं?"

"एकही शिल्लक नाही. दवाखान्यात खाट नाही."

"आईंना काय होतंय?"

"दम लागतो. रात्रभर बसून काढते."

"वय झालं की दम लागायचाच, साहेब."

मॅनेजरने मान खाली घातली. वाक्य त्याचंच होतं. वस्तीच्या सभेत, माइकवरून म्हटलेलं. पहिल्या रांगेत बाबा खोकत होते, म्हणून त्याला ते दोनदा म्हणावं लागलं होतं. नंतर तो म्हणाला होता, हवेत काही नाही.

"अगं, देऊन टाक," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "त्या म्हातारीने कुणाचं काय घोडं मारलंय?"

"देणारच आहे, आई."

तिने मशीनच्या पाठीतून स्पंजची जाळी काढली आणि त्याच्या हातात दिली. बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलं. मॅनेजरने घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या आणि तो उकिडवा बसला. काजळ धुतल्यासारखं पाणी निघालं. त्याने जाळी पिळली. पुन्हा तेच.

शेजारची काकू पायरीवर येऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी दोघीतिघी.

"हात आखडू नका हो, साहेब," काकू म्हणाली. "तुमचाच माल आहे."

कुणी हसलं नाही. मॅनेजर घासत राहिला. नखांत काळं गेलं, मनगटापर्यंत ओघळ आले.

"किती दिवस धुतली नव्हती ही?" शेवटी त्याने विचारलं.

"बाबा गेले त्या दिवशी सकाळी धुतली होती," ती म्हणाली. "ते दुपारी गेले."

त्याने नळ बंद केला. गाडीतून खोकल्याची उबळ ऐकू आली, मग ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मॅनेजर घाईने उठला आणि जाळी तिच्यापुढे धरली.

"आता बसवा."

"ओली चालत नाही. मशीन बिघडतं." तिने अंगणाकडे मान वळवली. "तार आहे ना समोर. घाला वाळत."

तार रिकामी होती. वस्तीतल्या सगळ्याच तारा रिकाम्या होत्या. कपडे घराघरांत, खिडक्या लावून वाळत होते. छपरांच्या वर कारखान्याच्या चिमणीचा धूर वाऱ्याने इकडेच वाकला होता.

मॅनेजर दोन पावलं तारेकडे गेला. हात वर केला. तसाच थांबला. मग त्याने जाळी छातीशी धरली.

"बाहेर नको," तो हळूच म्हणाला.

"का?"

पायरीवरच्या बायका त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

आईची नजर लेकीच्या खिशाकडे गेली. मशीनसोबतची जादा जाळी तिने मघाशीच तिथे टाकली होती; धुतलेली, कोरडी. आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

खिशातला हात तिने बाहेर काढला नाही.

"बोला ना, साहेब," ती म्हणाली. "का नको बाहेर?"